हिरव्या ट्रकवर आळ

कॅन्ससमधल्या आमच्या गावात चौक एकच, आणि भर दुपारी तिथे गाड्या मोजायला बसलं तर डुलकीच लागेल. फेना सायकलवरून पडली ती नेमकी त्या चौकात.

पडली म्हणजे काय... आधी थांबली आणि मग पडली! तिच्या सायकलच्या पेडलमध्ये बूट अडकवून ठेवायचे असतात, टाच झटकली की सुटतात. बूट नवे होते. टाच झटकली, सुटले नाहीत. बाईसाहेब उभ्याच्या उभ्या डावीकडे कलल्या आणि खांद्यावर आपटल्या. ना उतार, ना वारा, ना आडवं आलेलं कुत्रं. हॉलंडची पोर, नीट चालायच्या आधी सायकल शिकलेली, या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत अख्खी अमेरिका एकटीने पार करायला निघालेली, आणि पडली कुठे, तर ‘थांबा’ लिहिलेल्या पाटीपाशी.

तिने डोळे उघडले तेव्हा कुणीतरी तिचे बूट पेडलमधून सोडवत होतं. उन्हाने रापलेला चेहरा, भुवयांवर ज्वारीचा भुसा.

“मी वेस्ली. हलू नकोस. रडायचं असेल तर रड, मी तिकडे बघतो.”

“मी रडत नाहीये.”

“बरं. मग माझ्या बाहीला नाक पुसू नकोस.”

त्यानेच तिला आपल्या ट्रकमधून दवाखान्यात नेलं. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. “कशी पडलीस?” नर्सने विचारलं. फेनाला निरोप द्यायला आलेले सायकल क्लबचे दोस्त आठवले. त्यांना काय सांगायचं?

“ट्रक—घासून गेला. थांबलाही नाही.”

“रंग कुठला?”

खिडकीतून बाहेर उभ्या ट्रकचा जो दिसत होता तोच तिच्या तोंडात आला. “हिरवा.”

आमच्याकडे माणसाआधी त्याचा ट्रक ओळखतात, आणि हिरवा ट्रक गावात एकच... वेस्लीचा. नर्सने शेरीफला कळवलं, आणि पुढची कुजबुज आम्हीच केली.

फेनाला यातलं काही ठाऊक नव्हतं. डार्लीनने आपल्या कॅफेवरची खोली तिला राहायला दिली होती. वेस्ली शाळेची बस चालवायचा. मुलांना घरी सोडलं की शेतातले टोमॅटो घेऊन तो रोज तिचा जिना चढायचा. ती एका हाताने खाणार, तो मीठ भुरभुरवणार. एके दिवशी गारा पडल्या, पत्रे ताडताड वाजले, आणि खिडकीत उभ्या दोघांचा खांद्याला खांदा लागला. तिचा धड असलेला खांदा. तिने तो बाजूला घेतला नाही.

“तो ट्रकवाला सापडला तर काय करशील?” वेस्लीने विचारलं.

“सोड ना... तो विषय.”

“सोडला.” तो तिच्याकडे बघतच राहिला. “पण चांगला झोडपायला हवा. एवढ्या देखण्या मुलीला पाडतो म्हणजे काय!”

तिने हातातला टोमॅटो खाली ठेवला. सांगून टाकावं असं तिला रोज वाटे, आणि रोज ते आणखी अवघड होई.

मग एका सकाळी डार्लीनने कॉफी ओतता ओतता म्हटलं, “शाळेने वेस्लीकडून बसच्या किल्ल्या काढून घेतल्या, कळलं? त्यानेच उडवलं ना तुला! उगाच नाही टोमॅटो आणत, मन खातंय त्याचं. तू किती मोठ्या मनाची गं पोरी, त्याच्याशी हसतेस तरी!”

फेनाला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. कॅफे भरलेला होता. शेरीफ होता, शाळेचे मुख्याध्यापक होते. वेस्ली कोपऱ्यात एकटाच बसला होता, त्याच्या टेबलाशी कुणी नव्हतं.

ती उठून उभी राहिली. “ट्रक नव्हता. कुठलाच नव्हता. मी थांबले... बूट सुटला नाही... आणि पडले. लाज वाटली म्हणून खोटं बोलले. वेस्लीने मला फक्त उचललं.”

“थांबलेल्या सायकलवरून?” मागून कुणीतरी विचारलं, आणि सगळा कॅफे खदखदून हसला. खोटं कशाला बोलू, मीही हसले. मुख्याध्यापक तेवढे हसले नाहीत. त्यांनी खिशातून किल्ल्या काढून वेस्लीपुढे ठेवल्या. “उद्यापासून ये. चुकलं माझं.”

फेना केव्हाच मागच्या दाराने बाहेर पडली होती. वेस्ली तिच्या मागोमाग गेला.

“मला माफ नको करूस,” ती पायरीवर बसून म्हणाली. “तुझ्या पोटावर पाय दिला मी.”

“त्या दुपारी मी चौकासमोरच होतो, फेना. धान्याच्या कोठाराशी. सगळं पाहिलं.”

“सगळं?”

“थांबलीस, केस नीट केलेस, मग कललीस. अगदी सावकाश.”

“मग बोलला का नाहीस? तुझी बस गेली—”

“लाज तुझी होती. ती गावभर करणारा मी कोण? वाटलं, तू सांगशील... उशीरच केलास जरा.”

“रागावलायस?”

“काल खूप होतो. आज थोडा आहे.”

तिला त्याच्याकडे बघवेना. तिने हळूच विचारलं, “आणखी काय काय पाहून गप्प बसलायस?”

“मी निघालो की तू पडद्याआडून बघतेस. रोज बघतेस. तेही कुणाला सांगितलं नाही.”

फेना कानापर्यंत लाल झाली. पण या वेळी तिने मान वर केली.

“ते सांगितलंस... तरी चालेल.”