चंपीने खाल्लेली साखळी

"पिठात साखर आहे. कागदातही आहे, आणि तीच. मग भूक लागल्यावर आपण वह्या का खात नाही?"

बोधे सरांनी विचारले, पण वर्गातल्या सहा मुलांपैकी एकही हसले नाही. मंगळावरच्या त्या वस्तीत धुळीच्या वादळाला चौथा महिना लागला होता. सौरपट्ट्या झाकल्या गेल्या होत्या. पीठही मोजून मिळत होते. वीज वाचवायची म्हणून शाळेतले संगणकही बंद. सर जुन्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका फाडून शिकवत. पाने एका बाजूने छापील, दुसऱ्या बाजूने कोरी.

शाल्मलीचे तर लक्षच नव्हते. गेल्या आठवड्यात गुलबी शेळी मेली. आता शाल्मलीची लाडकी शेळी चंपीही पोट फुगून आडवी पडली होती. कोठार सांभाळणाऱ्या यंत्रमानवाला सगळे 'कोठावळे' म्हणत. त्याने समितीला कळवले होते, 'शेळी रोज अर्धा किलो पीठ खाते, दूध देत नाही. उद्या सकाळी कापावी.' समितीने दुःखाने माना खाली घातल्या. मटण कोणाला किती, हे विचारायला मात्र त्यातले दोघे विसरले नाहीत.

"शाल्मली, हात चालव," सरांनी एका कोपऱ्याला शेपटी ठेवून कातरलेले कागदी षटकोन पुढे सरकवले. "हा ग्लुकोज, एक साधी साखर. सहा कार्बन अणू. पाच कड्यात, सहावा शेपटीसारखा बाहेर. कड्याचा उरलेला कोपरा ऑक्सिजनचा. आता सगळ्यांची छापील बाजू वर ठेवून एकापुढे एक चिकटव."

साखळी झाली. सगळ्या शेपट्या एकाच बाजूला.

"हा स्टार्च, म्हणजे तुझी भाकरी. आता दुसरी साखळी कर, पण दर दुसरा षटकोन पालथा."

छापील, कोरा, छापील, कोरा. शेपटी वर, खाली, वर, खाली.

"हे सेल्युलोज. कागद, कापूस, गव्हाचे काड. दोन्ही कर्बोदकेच."

"एवढाच फरक?"

"एवढाच! आता हा चिमटा लाव." सरांनी खाच पाडलेला पुठ्ठा दिला. "हे विकर (मोठ्या रेणूंचे तुकडे करणारे प्रथिन). आपल्या लाळेतही असते."

पहिल्या साखळीच्या प्रत्येक जोडावर चिमटा चपखल बसला. दुसरीवर पहिल्याच जोडाला अडला. पालथ्या कड्याची शेपटी आड आली.

"म्हणजे साखर समोर, आणि तोडता येत नाही?"

"म्हणून वह्या खाऊनही आपण उपाशीच राहू."

"कोणालाच नाही तोडता येत?"

"काही सूक्ष्मजीवांना येते. ते गाई-शेळ्यांच्या पोटात राहतात. ते काड फोडतात, त्यावर शेळी जगते. नुसते पीठ दिले, तर ते पोटात भराभर आंबते आणि..."

सर थांबले. शाल्मली दुसरी साखळी हातात धरूनच उठून उभी राहिली होती.

"सर, चंपीला नुसते पीठच देतात!"

सर ओशाळले. शेळीच्या वासाने त्यांना शिंका येत, म्हणून ते गोठ्याकडे कधी फिरकलेच नव्हते.

दोघांनी कोठारात जाऊन चंपीसाठी काड मागितले.

"काड भिंतींच्या पोकळीत भरले आहे, ऊब टिकवायला," कोठावळे म्हणाला. "पोषणमूल्य शून्य."

"कोणासाठी शून्य?" शाल्मलीने विचारले.

यंत्रमानवाचे दिवे लुकलुकले. "तक्त्यात 'कोणासाठी' असा रकाना नाही."

तक्ता माणसांसाठी केलेला. शेळ्या नंतर आल्या. वस्तीत बत्तीस विद्वान होते, पण शेळी राखलेला एकही नव्हता.

शाल्मलीने गोठ्याच्या भिंतीतून काड उपसून चंपीपुढे टाकले. चंपीने मान फिरवली.

"उशीर झाला असेल गं," सर हळूच म्हणाले.

शाल्मली तिच्याजवळ बसून राहिली. कितीतरी वेळाने तिच्या मांडीवरची साखळी कोणीतरी ओढली. छापील, कोरा, छापील... चंपी एकेक षटकोन चावत होती. मग तिने काडाला तोंड लावले.

सकाळी समिती सुरी घेऊन आली, तेव्हा चंपी डोळे मिटून रवंथ करत होती.

कोठावळेने तक्त्यात नवा रकाना जोडला: 'कोणासाठी'.

"आणि गुलबीचे काय?" शाल्मलीने विचारले.

"तिचे नाव गेल्या आठवड्यातच खोडले आहे."

 सर भिंतीतल्या काडाकडे बघत राहिले. "एवढी साखर अंगाभोवती घेऊन आपण उपाशी बसलोय. ते सूक्ष्मजीव टाकीत वाढवून काडातली साखर सोडवता आली तर..."

त्यांना शिंक आली. पण ते गोठ्यातून हलले नाहीत.