घनावर बसलेला जवान

साताऱ्याच्या स्टँडवर रहिमतपूरची एस.टी. लागली आणि दाराशी झुंबड उडाली. शालनने रीतीप्रमाणे खिडकीतून हात घालून जागा धरली. रुमाल सापडेना, म्हणून हातातला पुठ्ठ्याचा ठोकळाच सीटवर ठेवला. धक्के खात ती आत पोचली, तर तिथे रजेवर आलेला एक जवान ऐसपैस बसलेला… आणि ठोकळा त्याच्याखाली.

"उठा. ती जागा धरलेली आहे."

"रुमाल तर दिसला न्हाई कुठं."

"रुमाल नव्हता. घन होता."

तो उठला. पुठ्ठ्याचा पापड झाला होता. जवानाचे कान लाल झाले.

शालनला रडू येत होतं. रडवेल्या आवाजात तिने त्याला सांगून टाकलं, दुपारी तपासणीचे साहेब तिच्या चौथीच्या वर्गावर येणार होते, पाठ होता सपाट आकृती व घनाकृतींचा आणि हा घन त्यासाठीच होता. नोकरी तात्पुरती. ती कायम झाली तर लग्न तुझ्या मनाप्रमाणे, नाहीतर म्हसवडचं स्थळ पक्कं, असं तिच्या वडिलांनी, तात्यांनी, सांगून ठेवलं होतं. म्हसवडच्या त्या मुलाला तिने पाहिलंसुद्धा नव्हतं.

जवानाचं नाव जोतीराम. तिला जागा देऊन तो उभा राहिला आणि वाटेत हळूच म्हणाला, "बाई, सपाट आन् घन, फरक तो काय?"

तिने रागातच सांगितलं. सपाट आकृतीला लांबी असते, रुंदी असते, बस्स. घनाला उंचीही असते, म्हणून तो जागा अडवतो.

"म्हंजे बसल्यावर जे टोचतं, ते घन."

ती खिडकीकडे वळली. हसू दिसू नये म्हणून…

भरपाई केल्याशिवाय घरी जाणार नाही, असं म्हणत तो वळकटीसह शाळेपर्यंत आला.

साहेब मागच्या बाकावर बसले. शालनने फळ्यावर घन काढला आणि हे काय, असं विचारलं. मुलांनी नीट पाहून सांगितलं, एक चौरस आणि दोन वाकडे चौकोन. खोटं काय होतं त्यात? फळ्यावर उंची येणार कुठून? साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "बाई, जरा येऊ का?"

जोतीरामने वळकटीतलं लष्करी कांबळं जमिनीवर पसरलं. मग पलटणीत रोज पहाटे करतात तशा घड्यांवर घड्या घातल्या, कोपरे तळहाताने ठोकले. वर्ग बघत राहिला. पसरलेल्या कांबळ्याची चौकोनी पेटी उभी राहिली होती.

शालनला आता वाट दिसली. तिने फळ्यावर चौरस काढला. "गुंडा, हा उचलून आण."

गुंडाने नखांनी खरवडलं. नखांत खडू भरला. "येत न्हाई, बाई."

"आता ती पेटी उचल."

गुंडाने छातीशी कवटाळून उचलली. त्याचं तोंडच मागे दडलं.

तानी ओरडली, "बाई, चौरसाला उंचीच न्हाई, मग धरायचा कुठं?"

साहेब मोठ्याने हसले. कायम करायला हरकत नाही, असा शेरा देतो म्हणाले. मग त्यांची नजर जोतीरामवर गेली. "हे कोण तुमचे?"

जोतीरामने तोंड उघडलं, पण शालन आधी बोलली. "अजून कोणी नाहीत, सर."

साहेब गेले. जोतीराम कांबळं परत वळकटीत बांधायचं विसरला होता.

"बाई… ते 'अजून' कवापर्यंत?"

शालनने खडूची बोटं पदराला पुसली. मान वर न करता ती म्हणाली, "रविवारी तात्या घरी असतात. या."

जोतीरामने टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. तिच्या पाठीमागे अख्ख्या चौथीनेही ठोकला.