चीर फाकलीच नाही

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे घडलंय. घडलं ते आमच्या दाजींच्या बाबतीत, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या.

दाजी थापा मारण्यात पटाईत आहेत, कबूल. पण ते थापा मारतात स्वतःची लाल करायला. या गोष्टीत त्यांची अब्रूच जाते, म्हणून मी ती खरी मानतो.

मागच्या महिन्यातला मंगळवार. भर दुपार. कारखान्यातली तपासणीची खोली.

तिथे जाड पोलादी नळ्या येतात. आधी त्यांच्यात तेल भरून अफाट दाब देतात. दाब काढला तरी धातूत ताण दडून राहतो, आणि त्याच्याच जोरावर नळी पुढे टिकते. तो ताण बसलाय की नाही हे बघायला टोकाची एक रिंग कापून तिला चीर द्यायची. चीर आपोआप फाकली, तर नळी पक्की.

हे बघणं दाजींचं काम. दाजी बघत नसत. मागच्या अहवालातला आकडा नव्या कागदावर उतरवायचा आणि सही ठोकायची. काय ती हुशारी!

करवतीवरचे काका कानीकपाळी ओरडायचे, "साहेब, चीर दिल्याशिवाय सही नको. नळी फुटली तर शेजारचा माणूस गोळा करावा लागेल."

"काका, तुम्ही करवत सांभाळा," दाजी म्हणायचे.

काका हिवाळ्यात वारले. दाजींना हायसं वाटलं. असा हा माणूस.

त्या मंगळवारी सगळे जेवायला गेले होते. दाजी आकडा उतरवत होते. चार वाजता नळ्या रवाना व्हायच्या होत्या.

आणि शेजारच्या खोलीत...

करवत सुरू झाली.

त्या खोलीला कुलूप होतं. किल्ली दाजींच्याच खिशात.

आवाज थांबला. दाजींनी कसंबसं कुलूप काढलं. आत कोणी नाही. करवतीचं बटण बंद.

पण पातं... गरम होतं.

रिंग पकडीत आवळलेली होती. तिला ताजी चीर दिलेली.

आणि ती चीर... पात्याच्या जाडीएवढीच. केसभरही फाकली नव्हती.

म्हणजे त्या नळ्यांत ताण बसलाच नव्हता. कुठेतरी, कुणाच्या तरी शेजारी, त्या फुटल्या असत्या.

दाजींनी घाबरून माल थांबवला. वर शाबासकी मिळाली, तर म्हणाले, "रिंग मीच कापली." लाज कोळून प्यायलेला माणूस!

मी विचारलं, "दाजी, याआधी न कापता किती वेळा सही केलीत?"

"जुनं कशाला उकरतोस?"

काल दुपारी करवत पुन्हा सुरू झाली.

एक काप... मग दुसरा... मग तिसरा...

या वेळी दाजींना कुलूप काढायची हिंमत झाली नाही. बाहेर उभे राहून मोजत राहिले. अकरा काप झाले.

"अकराच का?" मी विचारलं.

दाजी रडायलाच लागले. "सह्या तेवढ्याच आहेत रे."

"मग आजच कळवा! त्या नळ्यांपाशी माणसं उभी असतील."

"नोकरी जाईल माझी."

"भेकड आहात तुम्ही," मी तोंडावर म्हटलं.

ताई तिथेच भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "मग तू कळव ना."

मी अजून कळवलेलं नाही. आता दुपारचा एक वाजत आलाय, आणि इथे, माझ्या घरात, मला सारखं काहीतरी ऐकू आल्यासारखं होतंय.