वीस मिनिटांचा भात

जुने मायक्रोवेव्ह ओव्हन गोळा करण्याचा नाद मला १९९३ साली लागला. बारामतीच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळत होतो. भिगवण रस्त्यावर भीमा भंगारवाल्याच्या ढिगात मोठी चुंबकं शोधताना एक जड पेटी हाताला लागली. काचेचं दार, काचेमागे बारीक जाळी.

"टीव्ही हाय, सर," भीमा म्हणाला. "पर आतलं चित्र न्हाय दिसत."

तो १९६८ सालचा अमेरिकन ओव्हन होता. मी तो घरी आणला, उघडला, आणि अडकलोच. आपल्या भागातल्या कारखान्यांत कधीकाळी परदेशी तंत्रज्ञ येऊन राहत. जाताना अशा वस्तू मागे सोडून जात. त्या आचाऱ्याच्या, नाहीतर वॉचमनच्या घरी पोचत. सोमेश्वरनगरला एका ओव्हनमध्ये कोंबडी अंड्यांवर बसलेली सापडली. अंथुर्ण्यात एकांनी त्यात रेशनकार्ड आणि सातबारे ठेवले होते, उंदीर शिरत नाही म्हणून. तीन वर्षांत माझ्याकडे पाच ओव्हन झाले. माझी बायको साक्षी पाहुण्यांना सांगायची, "घरात पाच ओव्हन आहेत, आणि मी स्टोव्हला पिन मारत बसते."

१९९७च्या जानेवारीत भीमानं सहाव्याची खबर आणली. "लासुर्ण्यात पाटाच्या कडंला बानूबाई म्हणून हायत. त्यांच्याकडं हाय एक. देत न्हाईत म्हणा. पर तुमी बघून या."

शनिवारी दुपारी मी स्कूटर काढली. उसाच्या दोन फडांमधून वाट होती आणि शेवटी पत्र्याचं, नीट सारवलेलं घर. बानूबाई पन्नाशीच्या असाव्यात, पण केस पार पांढरे, पाठ थोडी वाकलेली. मी नाव सांगितलं, बुद्धघोष, कॉलेजात असतो. त्यांनी चहा टाकला. ओव्हन चुलीसमोरच्या फळीवर होता, क्रोशाच्या रुमालाखाली.

मी रुमाल उचलला आणि हात पुढं केला.

"दाराला हात लावू नका, सर. चालू हाय त्यो."

मी खाली बघितलं. वायर वीतभर सोडून कापलेली होती. तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या होत्या.

"मावशी, ह्याला तर वीजच नाही."

"व्हय. वायर उंदरांनी खाल्ली, मग वायरमननं कापली. त्याला झाली की अठरा वर्सं." त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला. "पर चालू हाय."

मी कान लावला. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घूं ऐकू येत होती. बाहेर विजेच्या खांबाची असेल म्हणून दारात गेलो. गावातली लाईट तेव्हा गेलेली होती. परत येऊन कान लावला. घूं आतच होती. बॅटरी काचेवर धरली, तेव्हा जाळीआड चिनी मातीचं एक वाडगं दिसलं. काचेला आतून दव होतं.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे मालक सोपान कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर आचारी होते. गोरे साहेब जाताना ओव्हन आणि त्याचा ट्रान्स्फॉर्मर देऊन गेले. मे १९७१. लग्नाला चार वर्षं झाली होती. सोपाननं दुपारी वाडग्यात तांदूळ-पाणी घातलं, काटा विसावर लावला आणि म्हणाला, ह्यात धूर न्हाय, जाळ न्हाय, भात हुतो बघ. पाटाचं पाणी उसाला सुरू होतं. 'वाफा बदलून येतो, घंटी वाजायच्या आत येतो,' म्हणून तो बाहेर पडला.

"पाणी बंद करून पाट शोधला. विहिरी शोधल्या. कायबी गावलं न्हाय."

"आणि दार उघडून नाही बघितलं कधी?"

"मधीच दार उघडलं की घंटी वाजत न्हाय. त्यांनीच शिकवलं हुतं." काट्याकडं बघत त्या म्हणाल्या, "घंटी वाजली न्हाय अजून. मग ते उशिरा आलं असं कसं म्हणू?"

काटा एकाच्या खुणेवर होता.

हा प्रकार मी हसण्यावारी नेला असता. पण तसाच ओव्हन माझ्याकडे होता आणि त्याचा टायमर मी स्वतः खोलला होता. त्यात स्प्रिंग नव्हती. विजेवर फिरणारी इवलीशी मोटर होती. वीज नाही तर काटा जागचा हलणार नाही. मी परवानगी मागितली, काट्याच्या टोकाशी कागदाची बारीक पट्टी चिकटवली आणि पेन्सिलीनं खूण केली.

पुढच्या महिन्यात प्रयोगशाळेतलं बारीक मापाचं व्हर्निअर घेऊन गेलो. काटा पाव मिलिमीटर सरकला होता.

त्यानंतर दर महिन्याला एका रविवारी जात राहिलो. कॉलेजात कुणाला बोललो नाही. घरी आलेख काढत गेलो. प्रत्येक बिंदू एका सरळ रेषेवर पडत होता. एका मिनिटाला साधारण सोळा महिने. रेष मागं वाढवली तर ती १९७१च्या मे महिन्यात विसावर पोचत होती. खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. इतकं स्वच्छ निरीक्षण मी आयुष्यात घेतलं नव्हतं. मी रविवारची वाट बघू लागलो.

एकदा बानूबाई हांडा घेऊन हापशावर गेल्या होत्या. मी एकटाच होतो. हात आपोआप दाराच्या मुठीवर गेला. मूठ कोमट होती. जरा ओढली असती तर सगळं कळलं असतं. मी किती वेळ तसा उभा होतो ते सांगता येणार नाही. उंबऱ्यावर हांडा टेकल्याचा आवाज आला, तेव्हा हात काढला. त्या दिवशी बानूबाईंनी चहा टाकला नाही.

रेष पुढं वाढवली तर शून्यावर कधी येते हे मला दिवाळीपासून माहीत होतं. सांगावं की नाही? सत्तावीस वर्षं ह्या बाईनं भावाकडं जायला नकार दिला होता, दुसऱ्या लग्नाला नकार दिला होता. घंटी वाजली आणि कुणी आलं नाही तर तिच्याकडं काय उरणार? शेवटी एप्रिलमध्ये मी सांगितलं. "मेच्या दुसऱ्या आठवड्यात. मंगळवार किंवा बुधवार."

"दुपारीच ना?"

"ते नाही सांगता येत."

"दुपारीच," त्या म्हणाल्या.

मी रजा टाकली. मंगळवार कोरडा गेला. बुधवारी पोचलो तेव्हा घर नव्यानं सारवलेलं होतं. बानूबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. ते त्यांना सैल होत होतं. पाटाला पंधरा दिवस पाणी नव्हतं. येताना मी बघितलं होतं, तळाचा गाळ तडकून वर आला होता. आम्ही दोघं ओव्हनसमोर बसलो.

तीन वाजून दहा मिनिटांनी घूं थांबली.

मग घंटी वाजली. एकदाच, अगदी स्वच्छ.

बानूबाईंनी दार उघडलं. वाफ बाहेर आली, आणि आंबेमोहराचा वास. भाताचं शीत न् शीत मोकळं झालं होतं. मी वाडग्याला बोट लावलं आणि चटका बसून मागं घेतलं.

मागच्या दाराशी कुणीतरी पाय आपटले.

आत आलेला माणूस तिशीचा होता. खाकी अर्धी चड्डी, बनियन, खांद्यावर फावडं. गुडघ्यापर्यंत ताजा चिखल लागला होता आणि पाणी निथळत होतं. त्यानं फावडं भिंतीला टेकवलं, ओव्हनकडं बघितलं आणि खुशीत हसला.

"वाजली व्हय? हिकडं दारापातूर आलोच हुतो."

मग तो आमच्याकडं वळला. माझ्याकडं बघून त्यानं मान लववली. बानूबाईंकडं बघितलं, आणि आवाज जरा मऊ केला.

"मावशी, बानू कुठं गेली?"

बानूबाईंचे हात पदराशी होते. ते तिथंच राहिले.

"पाण्याला गेलीया," त्या म्हणाल्या. "तुमी बसा. भात गरम हाय तवर खावा."

"तिला दावायचा हुता पयला."

"येईल ती. तुमी खावा."

तो बसला. त्यांनी वाढलं, मीठ दिलं, समोर पाण्याचा तांब्या ठेवला. तो भराभर जेवला, उन्हातून आलेला माणूस जेवतो तसा. बानूबाई त्याच्या मानेकडं, कानाकडं, हातांच्या नखांकडं बघत होत्या. त्यानं एकदाच मान वर केली.

"तुमी बानूच्या माहेरच्या का? तोंडावळा हाय."

"व्हय," त्या म्हणाल्या. "जवळचीच हाय."

त्यानं हात धुतला. "हांडा जड झाला असंल. बघून येतो," म्हणाला, आणि आला होता त्याच दारानं बाहेर पडला.

"मावशी, सांगितलं का नाही?" मी म्हणालो. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

"काय सांगू? त्यांची बानू पंचविशीची हाय." त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

मी मागच्या दाराशी गेलो. ऊन होतं, ऊस होता. पायवाटेवर कुणी नव्हतं. पण पाटाच्या बाजूनं त्याची हाक आली, लांबून, मोकळ्या गळ्यानं.

"बानूऽऽ!"

मग तिकडूनच, कोरड्या पाटाकडून, एका तरुण बाईचा हसरा आवाज आला.

"आले, आले! वाईच थांबा!"

मी मागं वळलो. बानूबाई डोळे मिटून तशाच बसल्या होत्या. आवाज पाटाकडून येत होता, आणि त्यांचे ओठ हलत होते.