डावा हात वर करा

डॉक्टरांचा धंदाच असा होता की समोरच्याला बोलू द्यायचं नाही. माणूस खुर्चीत आडवा झाला की त्याच्या तोंडात आरसा, कापूस आणि स्वतःची दोन बोटं कोंबायची आणि मग विचारायचं, "काय, मुलं काय करतात?" बिचारा घशातून गुरगुरायचा. डॉक्टर म्हणायचे, "वा, छान!" दंतवैद्याशी कुणी वाद घातल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही, त्याचं कारण हे.

दुखलं तर कळवायची सोय मात्र त्यांनी ठेवली होती. "दुखलं तर डावा हात वर करा," असं ते प्रत्येकाला बजावत. हात वर व्हायचा. डॉक्टर त्या माणसाच्या खांद्यावर दोनदा थोपटायचे, "झालंच, एवढंच राहिलंय," म्हणायचे आणि काम चालूच ठेवायचे.

आता ते निवृत्त झाले होते. घराच्या पुढच्या खोलीतला दवाखाना बंद झाला, पाटी उतरली, हत्यारं विकली गेली. उरली ती खुर्ची आणि तिच्या डाव्या अंगाला जोडलेलं, चूळ थुंकायचं चिनी मातीचं भांडं. ती जोडी काढायची तर फरशी फोडावी लागली असती. शिवाय दुपारच्या डुलकीसाठी त्या खुर्चीइतकी सुखाची जागा घरात दुसरी नव्हती. भांड्याचं पाणी केव्हाच तोडलं होतं. तळाशी एक कोरडं, काळं भोक तेवढं होतं.

लेक कामावर गेली की नातू डॉक्टरांच्या ताब्यात. वय सव्वा वर्ष, दात चार, हाक बोकोबा. बोलण्याच्या नावाने आनंद होता, पण दर आठवड्याला लेक त्याला खुणांच्या वर्गाला नेत होती.

"कान ठणठणीत आहेत ना त्याचे? मग हे हातवारे कशाला?"

"अरे बाबा, जिभेच्या आधी हात चालतात मुलांचे. काय हवं ते सांगता आलं की रडारड कमी होते."

"तू रडूनच सांगायचीस सगळं. काय बिघडलं तुझं?"

"माझं नाही, आईचं बिघडायचं. तू तेव्हा दवाखान्यात असायचास."

यावर डॉक्टरांना खुर्चीत आडव्या झालेल्या माणसासारखं वाटलं.

बोकोबा भराभर शिकला. मूठ उघडमीट केली की दूध. दोन्ही हातांच्या चिमट्या करून टोकाला टोक टेकवलं की अजून. पंजे झटकले की संपलं. हे सगळं वक्तृत्व जेवताना चालायचं. 'अजून' म्हणता म्हणता चिमटीतलं केळं लिबलिबीत होऊन कोपरापर्यंत ओघळायचं, त्यावर लाळेचे बुडबुडे फुटायचे आणि तोच हात आजोबांच्या गालाला लागायचा. हयातभर लोकांच्या सडक्या दाढांत नाक खुपसून बसलेले डॉक्टर आपलं ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायचे.

आईसाठी खूण होती. मांजरासाठीही होती. आजोबांसाठी नव्हती. डॉक्टरांना ते लागलं होतं.

"वर्गातल्या बाई म्हणतात, त्याची त्याला सापडेल," लेक म्हणायची. "मांजराचा हेवा करतोस? शोभतं का?"

मग बोकोबाने दुपारचं खाणं सोडलं. वाटी पुढे आली की पंजे झटकायचा. संपलं! डॉक्टरांनी चमच्याचं विमान केलं, मांजराला वाटेकरी केलं, शेवटी हात जोडले. पोरगं ढिम्म. वजन मात्र वाढत चाललेलं. गाल गरगरीत, मनगटांवर वळ्या.

"बाबा, खरं सांग. चोरून काय भरवतोस त्याला?"

"मी? उभा जन्म साखरेच्या नावाने खडे फोडले मी!"

"मग काय वाऱ्यावर फुगतोय हा? सांगणार नसशील तर पाळणाघरात घालते. काय खातो ते तरी कळेल मला."

पाळणाघर डॉक्टरांना नको होतं. दुपारी घरात त्यांच्याशी बोलायला ते एक पोरच होतं, तेही तीन-चार खुणांत.

त्यानंतर वास आला. पापा घ्यायला वाकले तेव्हा पोराच्या तोंडातून लवंगेच्या तेलाचा भपकारा आला, आणि त्याच्या आतून दुसरा, पू धरलेल्या दाढेचा. त्या दोन वासांची जोडी डॉक्टरांनी झोपेतही ओळखली असती. घरात लवंगेचं तेल नव्हतं. आणि चार दुधाच्या दातांत पू कुठून येणार?

एका दुपारी डुलकी मोडली तेव्हा बोकोबा खुर्चीच्या पायपाटावर चढून भांड्यावर ओणवा झाला होता. भोकाकडे बघत त्याने चिमट्या टेकवल्या. अजून. मग मान मागे टाकून, घरट्यातल्या पिलासारखा आ वासला. थांबला. गिळलं. समोर कुणी नव्हतं.

त्याच्या हनुवटीवरून राखाडी लाळ गळत होती.

डॉक्टरांनी त्याला धरलं, जबडा उघडला आणि बोट फिरवलं. जिभेखाली लगदा होता. कोमट. कुणीतरी आधीच चावून मऊ केलेला. त्यात बोटाला टणक लागलं म्हणून बाहेर काढलं, तर दाढेत भरलेल्या चांदीचा तुकडा. वरून झिजलेला. त्यावर कुणीतरी वर्षानुवर्षं जेवलं होतं.

त्यांच्या पोटातून सगळं उसळून वर आलं. समोर भांडंच होतं.

पोराला कडेवर घेऊन ते आत गेले, बादली आणि फडकं घेऊन परतले. भांडं स्वच्छ होतं. ओलसर, चकचकीत. चाटून ठेवल्यासारखं.

कडेवरून बोकोबाने भांड्याकडे बघत पंजे झटकले. संपलं.

लेकीला हे कोणत्या तोंडाने सांगणार? डॉक्टरांनी कवळीच्या साच्यांचं उरलेलं प्लास्टर कालवलं, भोकात ठासून भरलं, खोलीला कुलूप घातलं आणि नळवाल्याला बोलावणं धाडलं. खुर्ची, भांडं, खालचा नळ, सगळं उपटायचं. नळवाला म्हणाला, "परवा सकाळी."

दुसऱ्या दिवशी लेक वर्गावरून नाचतच आली.

"बाबा, तुझी खूण सापडली! तुझा फोटो दाखवला की तेच करतो. बघ, बघ!"

बोकोबाने आजोबांकडे पाहिलं. मग मान मागे टाकून तोंड होईल तेवढं वासलं आणि डावा हात वर केला.

"हे तू शिकवलंस?"

"मी कशाला? बाईंनी पण नाही. आणि असं रे काय तोंड करतोस? इतके दिवस रुसला होतास ना?"

दवाखाना बंद झाला तेव्हा हे पोर जन्मालाही आलेलं नव्हतं.

"छान आहे," डॉक्टर म्हणाले. "वा, छान."

नळवाला उद्या सकाळी यायचा होता. लेक कामावर गेली, आणि दुपारी पोर आतल्या खोलीत झोपलं तसं डॉक्टरांनी कुलूप काढलं. प्लास्टर जागच्या जागी होतं, पांढरं, टणक. वाजवून पाहिलं. उद्यापर्यंत यावर नजर ठेवलेली बरी, म्हणून ते खुर्चीत टेकले. डोळा लागू द्यायचा नाही असं ठरवूनच टेकले.

जाग आली ती जबडा दुखला म्हणून.

तोंड वासलेलं होतं. मिटेना. जीभ कशाखाली तरी दाबली गेली होती. घशातून काहीतरी कोमट, मऊ खाली सरकत होतं, आणि नाकात लवंगेचं तेल भरलं होतं.

डोळ्यांच्या कोपऱ्यातून भांडं दिसत होतं. त्यात प्लास्टरचे तुकडे. प्रत्येकावर दातांचे ठसे.

हाक मारायला गेले. घशातून गुरगुर निघाली.

बोकोबा उठून आला होता. पायाशी उभा राहून बघत होता.

डॉक्टरांनी डावा हात वर केला.

पोराने खूण ओळखली. खुदकन हसलं. मग त्याने नजर उचलली, खुर्चीच्या उजव्या अंगाला, जिथे डॉक्टर आयुष्यभर उभे राहत आले होते, तिथे, एखाद्या उंच माणसाच्या तोंडाकडे बघावं तसं पाहिलं. आणि आजोबांकडे बोट दाखवून हळूच चिमटीला चिमटी टेकवली.

अजून.

डॉक्टरांच्या खांद्यावर कुणीतरी दोनदा थोपटलं.