अकोल्यात मेलेला समुद्र

—आणि म्हणूनच सुंदराबाई इंगळेंनी मोतीराम वानखडेंच्या टेबलावर हात आपटला.

"माया देवमननं मासे नाई मारले, भाऊ. पोलीस त्याले दुपारी नेनार हायेत. त्याच्या आंधी चाला."

मोतीराम वानखडे पूर्वी रेल्वेत हरवलेल्या मालाचा तपास करत. आता अकोल्यात त्यांच्या दारावर 'खासगी चौकशा' अशी पाटी होती. पुंजाराम हा त्यांचा मदतनीस आणि दोस्त. मोतीरामांच्या भाषेत, "आमची पॅसेंजर. पोचते, पण सगळे घरी गेल्यावर."

पॅसेंजरनं टोपी चढवली. मोतीराम तोवर जिन्याखाली पोचले होते.

वास

प्रदर्शनाच्या सभागृहाच्या दारात पोलीस शिपाई बसला होता. आत शिरताच पुंजारामच्या डोळ्यांना धार लागली.

"फॉर्मालिन," डॉ. वसुधा केळुसकर म्हणाल्या. "नमुने टिकवायचं औषध. कोणीतरी बाटलीभर हौदात ओतलं."

समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेतून बाई आल्या होत्या. ज्या मुलखात समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातली निळी शाई, तिथे जिवंत समुद्री मासे दाखवायचे, हा त्यांचा हट्ट. अमरावतीत गर्दी लोटली होती. कालच प्रदर्शन अकोल्यात आलं, आज संध्याकाळी उद्घाटन होतं. आणि काचेचा मोठा हौद सुन्न पडला होता.

मेलेले मासे पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवले होते. निळे, पिवळे, पट्ट्यांचे. पुंजारामला ते झोपल्यासारखे वाटले. तोंडं मिटलेली, पर सैल.

"देवमन इथलाच; त्याला मी अमरावतीत हंगामी घेतलं," बाई म्हणाल्या. "पोरगा चांगला वाटला. आमचे संचालक दुपारच्या गाडीनं येताहेत, त्याला कायम करा असं मी त्यांना सांगणार होते. आता काय सांगू? फॉर्मालिनच्या कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात होती."

भिंतीलगत बरण्या मांडल्या होत्या. एका बरणीतला बांगडा जबडा फाकून, कल्ले फुलवून ताठ झाला होता.

"हा काहून असा बोंबलून राहिला?" पुंजारामनं विचारलं.

"घाईत कोणीतरी जिवंतच फॉर्मालिनमध्ये टाकला. मग असंच होतं. नमुना वाया जातो."

मोतीराम कपाटाकडे पाहत होते. कुलूप शाबूत. हिरव्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत: 'श्री. खुशालराव यांजकडून सभागृहास सप्रेम भेट'.

कोपऱ्यात वेताच्या तीन टोपल्या होत्या. प्रत्येकीत समुद्राच्या पाण्याचा काचेचा मोठा बुधला, भोवती दाबून भरलेला भुसा-पेंढा. पुंजाराम जरा टेकायला म्हणून तिसऱ्या टोपलीच्या काठावर बसला आणि ताडकन उठला.

"अरे बापा! खुपलं."

"काय खुपलं?"

"कुटार, दुसरं काय. ज्वारीचा भुसा."

मोतीरामांनी पहिल्या दोन टोपल्यांत हात घातला. मऊ, पिवळा भाताचा पेंढा. त्यांनी पुंजारामच्या धोतराला चिकटलेली एक काडी उचलली आणि खिशात टाकली.

"ते काहून घेता?"

"तुया धोतराची सफाई करून राहिलो."

फक्त बोलणं

देवमन, बाकावर बसलेला, हात मांड्यांखाली दाबून:

"मी काल सांजच्याले अर्धं पानी बदललं. प्रवासात गढूळ झालतं. तिसऱ्या बुधल्यातलं हौदात टाकलं."

"पाहून टाकलं?"

"चाखून टाकलं. खारं होतं. मंग घरी गेलो."

"रात्री किल्ली?"

"खिशात. खोटं कायले सांगू? तेच तं माया गळ्यात पडून राहिलं."

नत्थुजी, ट्रकचा ड्रायव्हर, पान चघळत:

"अमरावतीहून माल मीच आनला. मालक बाजूले बसले होते."

"वाटेत काही त्रास?"

"तरास कायचा? रस्ता म्हनजे चाळनी. पन मालकाच्या गावाले भाकर झकास भेटली. वांग्याची भाजी, ठेचा. मी जेवून आलो तं मालक म्हने, चाल."

"गाव कुठं?"

"मूर्तिजापुराच्या अलीकडं, पूर्णा नदीच्या आंगानं."

खुशालराव, प्रदर्शन समितीचे अध्यक्ष, उपरणं सावरत:

"ट्रक माझा, डिझेल माझं. वाटेत कुठंच थांबू दिलं नाही मी! बाईंची ताकीदच होती, उघडायचं नाही, हलवायचं नाही."

"आज सकाळी केव्हा आलात?"

"बाईंनी आरडाओरड केल्यावर. मोतीरामजी, उगा डोकं शिणवू नका. त्या पोराले काल बाईनं झापलं. ह्या नव्या पोरांना नाकावर राग. अन् खरं सांगू? मासे गेले तर गेले. समुद्र काय, आमच्या विहिरीत रोजच दिसते. पाहुणा पहिला घोट घेते अन् थुंकते!"

ते स्वतःच खदाखदा हसले. बाकी कोणी हसलं नाही.

पुंजारामचा तर्क

व्हरांड्यात पुंजारामनं बोटं मोडत आपला निकाल दिला. "ड्रायव्हर. तो खोटं बोलून राहिला. मालक म्हने थांबलो नाई, हा म्हने भाकर खाल्ली."

"दोघांतला एक खोटा, हे बरोबर," मोतीराम म्हणाले. "पण ठेच्याची आठवण कोणी खोटी सांगत नाही, पुंजा."

"मंग?"

"मंग मासे कधी मेले, ते सांग."

"फॉर्मालिन टाकल्यावर."

"तो बांगडा पुन्हा पाहून ये."

पुंजाराम गेला. परत आला तेव्हा त्याचाच जबडा फाकलेला होता.

हौदाभोवती

शिपाई घड्याळाकडे पाहून उठला होता. मोतीरामांनी त्याला हातानं बसवलं आणि सर्वांना हौदाजवळ बोलावलं.

"बाई, जिवंत मासा फॉर्मालिनमध्ये गेला की जबडा फाकतो. तुम्हीच सांगितलंत. या ट्रेमधल्या एकाचं तरी तोंड उघडं आहे?"

डॉ. केळुसकर वाकल्या. एकेक मासा त्यांनी उलटून पाहिला. "वासानं माझी मतीच गुंग झाली," त्या हळूच म्हणाल्या. "हे आधीच मेले होते."

"म्हणजे फॉर्मालिननं कोणाला मारलं नाही. ते दुसरं काहीतरी झाकायला ओतलं. पाण्याचा जडपणा मोजायची काचेची कांडी असते ना तुमच्याकडे? तिसऱ्या बुधल्यात सोडा."

तळाशी उरलेलं पाणी बाईंनी उभ्या नळीत घेतलं. समुद्राच्या पाण्यात डौलानं तरंगणारी ती कांडी थेट गळ्यापर्यंत बुडाली.

"हे समुद्राचं नाही! पण हे तर खारट..."

"पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं आहे; तिथं जमिनीतलंच पाणी खारं. या टोपल्या समुद्रकाठी भाताच्या पेंढ्यानं भरल्या. तिसरीत मात्र ज्वारीचं कुटार. वाटेत बूच निघालं, पाणी सांडलं, पेंढा भिजला. ओला पेंढा चुगली करेल म्हणून तो फेकला, कोरडं कुटार भरलं. बुधल्यात विहिरीचं पाणी घातलं, कारण ते जिभेला खारंच लागतं."

देवमननं डोळे मिटून घेतले.

"नत्थुजी तेव्हा जेवत होता. कपाटाची दुसरी किल्ली त्याच्याकडे नाही. नवं कपाट दोन किल्ल्यांसकट येतं, अन् भेट देणारा मोठ्या मनानं एकच देतो. सकाळी सभागृह उघडून सगळ्यांत आधी कोण आलं, खुशालराव?"

खुशालरावांचं उपरणं खांद्यावरून घसरलं. त्यांनी ते उचललं नाही.

"गावाले दाखवाचं होतं," ते शेवटी म्हणाले. आवाज वेगळाच होता. "माय म्हातारी झाली. समुद्राच्या पाण्यात बोट बुडवीन म्हने. बुधला कलंडला. मले वाटलं, खारं ते खारं, काय फरक पडते? सकाळी पाहतो तं सारे उलटे."

"अन् माया पोराच्या गळ्यात दोर बांधला," सुंदराबाई म्हणाल्या. "तुमच्या मायचं बोट ओलं झालं. मी बी मायच हावो ना?"

खुशालराव सुंदराबाईंकडे पाहू शकले नाहीत. शिपायानं आता खुशालरावांच्या शेजारी जागा घेतली.

दुपारची गाडी

संचालक बुटके, घामेजलेले होते. त्यांनी सगळं उभ्याउभ्याच ऐकलं. मोतीरामांचे आभार मानले. मग देवमनकडे वळले.

"कांडी तुला वापरता येते?"

"येते. बाईनं शिकवली."

"मग पाणी टाकण्याआधी का नाही बुडवलीस?"

पुंजारामनं मोतीरामांकडे पाहिलं. मोतीराम चपलेकडे पाहत होते. हा प्रश्न त्यांनाही सुचला होता, आणि त्याचं उत्तर त्यांच्या हातात नव्हतं.

सुंदराबाईंनी पोराला डोळ्यानं खुणावलं. बुधल्यावर शिक्का होता म्हन. बाईनं सांगितलं नाई म्हन. काईबी म्हन.

"चूक झाली, साहेब," देवमन म्हणाला. "बुडवाले पायजे होती. आमी जन्मभर खारं पानी पेत आलो. जिभेवर भरोसा ठेवला. मासे खुशालरावाच्या पान्यानं मेले, पन टाकलं म्या."

डॉ. केळुसकर काही बोलायला गेल्या; संचालकांनी बोट वर केलं.

"समुद्र पाहिलास कधी?"

"नाई."

"मग चव ताडून कशाशी पाहिलीस?"

संचालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"केळुसकर, हौद धुवायला घ्या. लोकांना मेलेले मासे दाखवू आणि का मेले ते सांगू. सांगायचं काम याचं. परतीच्या गाडीचं एक तिकीट जास्त काढा. हा काम समुद्राशेजारीच शिकेल."

देवमन जागचा हलला नाही. सुंदराबाई पुढे झाल्या. त्यांनी पदर नीट डोक्यावर घेतला आणि साहेबांना विचारलं,

"तिथं प्याचं पानी तं गोड भेटते ना, साहेब?"