हिल्का पुढे गेली आहे

इस्पितळाच्या इस्त्रीखान्यात आम्ही तिघी एकतीस वर्षं एकाच टेबलाशी उभ्या होतो. हिल्का, विलमीन आणि मी. दिवसभर चादरी. ओलसर, गरम, वाफाळणाऱ्या चादरी. दोघींनी टोकं धरायची, तिसरीनं घडी घालायची. खिडकीबाहेर आमच्या डेल्फझाइल गावाचं बंदर, त्यापलीकडे ओहोटीचा चिखल, आणि वर्षातले निम्मे दिवस करडं आभाळ.

"निवृत्त झालो की एक गाडी घ्यायची," हिल्का म्हणायची. "आत चूल, आत बिछाने. आणि दक्षिणेकडे सुटायचं ते अंगाला ऊन लागेपर्यंत थांबायचंच नाही."

"तुला ऊन सोसायचं नाही गं," विलमीन चिडवायची. "साखरेच्या बाहुलीसारखी विरघळशील."

गाडी घेतली. जुनीच, पण तीन बिछान्यांची. विलमीनच्या गोठ्यात आता गुरं नव्हती, तिथे ती उभी केली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघायचं ठरलं. आणि नोव्हेंबरात हिल्का बस थांब्यावर कोसळली. पक्षाघात.

समुद्राच्या बांधाला लागून एक शुश्रूषागृह आहे, तिथली वरच्या मजल्यावरची शेवटची खोली तिला मिळाली. बोलणं गेलं, ओळख गेली. एक मात्र राहिलं होतं. तिच्यासमोर कुणी 'गाडी' म्हटलं की घशातून घोगरा आवाज यायचा, चांगला हात चादर ओढायचा, एक पाय पलंगाखाली उतरू बघायचा. योलांदा नावाची नर्स होती, ती आम्हाला म्हणाली, "बाई, तो विषयच काढू नका. एखाद दिवशी पडेल ती."

म्हणून जानेवारीत विलमीननं तिच्या कानाशी वाकून सांगितलं, "हिल्का, गाडी विकली गं आम्ही. कुणीच कुठे जात नाहीये. तू आता झोप."

हिल्कानं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मी म्हटलं, "हो."

तिनं डोळे मिटले. ते त्या दिवसापासून मिटलेलेच राहिले.

गाडी विकली नव्हती. पुढच्याच मंगळवारी आम्ही दोघी माझ्या स्वयंपाकघरात नकाशा पसरून बसलो. तिघींऐवजी दोघी जाणार, एवढाच काय तो फरक. असं आम्ही एकमेकींना सांगत होतो.

मुक्कामाच्या जागा आधी ठरवायच्या होत्या. पहिला मुक्काम बेल्जियमच्या डोंगरात, तिथे अशा गाड्या लावायचा एक लहानसा तळ होता. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर धुकं इतकं की समोरचं कुंपण दिसत नव्हतं. विलमीननं फोन लावून टेबलावर ठेवला, म्हणजे मलाही ऐकू यावं. तळाची मालकीण आमची भाषा बोलणारी होती.

"डेल्फझाइलच्या तिघी ना?" ती म्हणाली. "तुमची जागा ठरली की हो. परवाच तुमची मैत्रीण येऊन बघून गेली. ओढ्याकाठची नको म्हणाली. ओलीत रेन्स्काचा कान दुखतो म्हणे."

रेन्स्का म्हणजे मी.

"कुठली मैत्रीण?" विलमीननं विचारलं.

"नाव नाही सांगितलं बाई. म्हणाली, त्या दोघी मागून येतायत, मी पुढे होते."

फोन ठेवून विलमीननं माझ्यापुढे केकची बशी सरकवली. मग म्हणाली, "हिल्कानं आजारी पडायच्या आधीच फोन केला असणार. ही म्हातारी असेल, हिला परवा काय नि चार महिने काय, सारखंच."

"पण ती तर म्हणाली, येऊन बघून गेली."

"केक खा तू. उगाच काहीतरी."

मी केक खाल्ला. मलाही तेच खरं मानायचं होतं.

पुढच्या मंगळवारी फ्रान्समधला मुक्काम. दोर्दोन्य नदीच्या काठी आमच्याच देशातलं एक जोडपं तळ चालवतं. मालक मोठा बोलघेवडा. विलमीननं नाव सांगितलं मात्र, तो सुरूच झाला.

"अहो, आत्ता इथेच होती ती! आम्ही अजून उघडलंही नाही, पण नाही कसं म्हणणार? सकाळपासून उन्हाचा तुकडा सरकेल तशी खुर्ची सरकवत बसते. फार गोड बाई."

"दिसते कशी?" विलमीनचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"उंच. वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली. माझ्या बायकोचं तर कामच केलं तिनं. हिवाळाभर पडलेल्या सगळ्या चादरींच्या घड्या घातल्या. एकटीनं! पण... एक सांगू का?"

"सांगा."

"चादरीचं एक टोक धरते आणि हात लांब करून उभी राहते. समोर कुणीतरी दुसरं टोक धरलंय अशी. आणि चादर... खाली पडत नाही हो."

आम्ही तशाच उठलो. सायकली काढल्या आणि बांधावरच्या रस्त्यानं शुश्रूषागृहाकडे निघालो. वारा समोरून होता, चिखलाचा खारट वास नाकात बसत होता.

वरच्या मजल्यावर नेहमीसारखाच जंतुनाशकाचा आणि उकडलेल्या फ्लॉवरचा वास होता. शेवटच्या खोलीत मात्र तो नव्हता. तिथे पाइनच्या झाडांचा वास होता. उन्हात तापलेल्या पाइनचा.

हिल्का उताणी निजलेली होती. डोळे मिटलेले. आणि तिचं तोंड उन्हानं रापलं होतं. कपाळ तांबूस, नाकाच्या शेंड्याची साल सोललेली. कानामागची कातडी तेवढी पांढरी.

योलांदा दारात उभी होती. "बाई, खरं सांगा. तुम्ही हिला बाहेर नेता का?"

"फेब्रुवारीत?" विलमीन म्हणाली. "ऊन आहे कुठे बाहेर?"

"तेच तर." योलांदानं आवाज खाली आणला. "रोज सकाळी चादर झटकते, तर वाळू निघते. मी कुणाला सांगितलं नाही, मलाच वेडी म्हणतील. आणि नाडी मंदावत चाललीय. डॉक्टर म्हणाले, नातेवाइकांना कळवून ठेवा."

परतताना बांधावर मी सायकल थांबवली. "विलमीन, आपण जागा ठरवतो तिथे ती जाते. जितकी लांब जाते, तितकी इथून कमी होते. बंद करू या हे."

विलमीन माझ्यावर उसळली. "का? इथे काय आहे तिच्यासाठी? नळी आणि लंगोट! तिथे ती चालतेय, बोलतेय, तिच्या अंगावर ऊन पडतंय. एकतीस वर्षं तिनं तेवढंच मागितलं. मी तर तिला समुद्रापर्यंत पोचवणार."

आणि दुसऱ्याच दिवशी तिनं मला न विचारता स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरचा मुक्काम ठरवून टाकला.

मी दोन दिवस तळमळले. शुक्रवारी सकाळी दहाला, घरात एकटी असताना, त्या स्पेनच्या तळावर फोन लावला. तिथल्या माणसाला आमची भाषा येत नव्हती. मी नुसतं "हिल्का, हिल्का" म्हणत राहिले. त्याला समजलं असावं. त्यानं फोन तसाच चालू बाजूला ठेवला. लाटांचा आवाज आला. मग खडीवरून पावलं आली... सावकाश, एक पाय किंचित ओढत.

"रेन्स्का?"

तीन महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. स्वच्छ होता. एकही अक्षर अडखळत नव्हतं. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"हिल्का... कुठे आहेस तू?"

"तुम्ही ठरवलंत तिथे. कधी निघताय?"

"हिल्का, तू परत ये गं. डॉक्टर म्हणतात... फार लांब गेलीस तू. परत ये."

लाटा येत होत्या, जात होत्या.

"गाडी विकली म्हणालात."

"चुकलं आमचं. तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"मला ठाऊक आहे गं." ती रागावली नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "आलेही असते. पण येऊ कशात? त्या पलंगावर आता जागा नाही."

"म्हणजे?"

"मी उठले... आणि माझ्यामागे कुणीतरी तिथे निजलं."

"कोण?"

"मला काय माहीत? मी वळून बघितलं नाही. तूही बघू नकोस."

फोन तुटला.

त्यानंतर मी जे केलं ते भीतीपोटी केलं. ओळीनं तिन्ही ठिकाणी फोन केले आणि, स्पेनला नुसतं 'नो, नो' म्हणत का होईना, तिन्ही मुक्काम रद्द केले. मला वाटलं, जायला जागाच उरली नाही तर ती येईल. तिचं ते शेवटचं बोलणं मी कानाआड केलं. विलमीनला काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी योलांदाचा फोन आला. रडत होती ती. "बाई, या लवकर! डोळे उघडलेत. बोलतेय!"

हिल्का उशीला टेकून बसली होती आणि कस्टर्ड खात होती. तोंड दुधासारखं पांढरं. रापल्याची खूण नाही, सोललेली साल नाही. "रेन्स्का," ती म्हणाली. "विलमीन." बरोबर नावं घेतली, हसलीही. डॉक्टर म्हणाले, असं लाखात एखाद्या वेळी होतं. मी विलमीनच्या गळ्यात पडून रडले.

महिन्याभरात ती चालू लागली आणि आपल्या घरी राहायला आली. माझ्यापासून दोन गल्ल्यांवर. सगळं गाव कौतुकानं बघायला गेलं. ती कुणाशी वाईट वागली नाही. फक्त खिडक्यांचे पडदे दिवसाही ओढलेले असायचे. आणि सहलीचा विषय निघाला की म्हणायची, "कशाला जायचं कुठे? इथंच बरं आहे."

एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही तिच्याकडे जेवलो. जेवण झाल्यावर विलमीननं टेबलावरची चादर उचलली आणि सवयीनं एक टोक हिल्काकडे केलं. हिल्कानं ते धरलं. आणि तशीच उभी राहिली. पुढे काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. विलमीनकडे बघत, वाट बघत, हसत उभी राहिली.

बाहेर अंगणात विलमीननं माझं मनगट पकडलं. "ही ती नव्हे."

"आजारात विसरली असेल..."

"डोकं विसरतं. हात विसरत नाहीत, रेन्स्का. तू काहीतरी केलंस. काय केलंस?"

मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याचं दार उघडं होतं, आणि गाडी गेली होती.

तिचे फोन येत राहिले. बेल्जियमहून, मग नदीकाठच्या तळावरून. आणि नवव्या दिवशी स्पेनहून. विलमीन हसत होती आणि रडतही होती. "सापडली गं! फाटकाशी बसली होती, रस्त्याकडे तोंड करून. रंग काय झालाय तिचा, तांब्याच्या हंड्यासारखा! उद्या आम्ही परत निघतो."

मागून हिल्काचा आवाज आला, "रेन्स्काला सांग, तिच्यावर माझा राग नाही."

मी फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिले. त्या आनंदात एक गोष्ट मात्र मला गिळता येईना. दोन गल्ल्यांवर जी राहत होती, तिचं आता काय करायचं?

त्या दिवसापासून ती रोज चारला माझ्याकडे येऊ लागली. समोर बसायची, कॉफी निवेपर्यंत तशीच ठेवायची, बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कुठवर आल्या?"

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

मग दोन दिवस विलमीनचा फोन आला नाही. तिसऱ्या दुपारी राहवलं नाही, मीच तिच्या मोबाइलवर फोन लावला. समोर ती दोन गल्ल्यांवरची बसलेलीच होती. पलीकडे गाडीच्या इंजिनाची घरघर आली, हसणं आलं. हिल्काचं हसणं मी ओळखलं. त्यात मिसळून आणखी एक हसणं होतं.

"विलमीन, कुठे आहात? काळजीनं जीव गेला माझा."

"कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे? रेन्स्का."

हसणं थांबलं. इंजिनाचा आवाजही थांबला, तिनं गाडी रस्त्याकडेला घेतली असावी. ती बोलली तेव्हा कुजबुजत होती.

"रेन्स्का माझ्या मागच्या बाकावर बसलीय. फ्रान्समध्ये रस्त्याकडेला उभी होती, आमची वाट बघत. तेव्हापासून आमच्याबरोबर आहे."

"विलमीन... अगं मी घरी आहे. माझ्या स्वयंपाकघरात आहे."



"हे बघ," ती म्हणाली, "तू जी कोण असशील ती... त्या घरातून निघून जा. आम्ही संध्याकाळपर्यंत पोचतोय."

मी फोन खाली ठेवला. खिडकीबाहेर लख्ख दुपार होती, कुणीतरी कुंपण रंगवत होतं.

समोर बसलेलीनं कप बाजूला सारला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या हातावर हात ठेवला.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी मलाही असंच वाटलं होतं, की मीच हिल्का आहे."